ताबा : रसायनज्ञ

नोटीस दुपारी अडीचला आली. दोन चौतीसपर्यंत नंदकिशोर पत्की यांनी ती चार वेळा वाचली. चारही वेळा तिच्यात तेच लिहिलेलं निघालं.

‘आपल्या राहत्या घरात जिन्याखाली धोकादायक टाकाऊ पदार्थाचा एक ड्रम (वजन ४२ किलो) साठवून ठेवल्याचे या कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. पंधरा दिवसांत सदर पदार्थाची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावून अहवाल सादर न केल्यास घर सीलबंद करण्यात येईल.’

‘निदर्शनास आले आहे’ इथवर आलं की पत्की साहेबांच्या कानशिलावरची शीर ताडकन उडायची. कारण हा ड्रम ते स्वतः अकरा वर्षं या कार्यालयाच्या निदर्शनास आणून देत होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक, असे एकशे बत्तीस अर्ज. प्रत्येकाची कार्बन कॉपी पत्नी मंजुषाबाईंच्या ट्रंकेत, लग्नातल्या पैठणीखाली. प्रत्येक अर्जात एकच विनंती, हा ड्रम कृपया घेऊन जा. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्यांचं उत्तर येईल अशी भीती नाही; ते कुणालाच येत नाही. पण नोटीस येते, हे आता सिद्ध झालं होतं.

ढाणकी गावाबाहेर एक कारखाना होता. तिथे सरकीच्या तेलाचं वनस्पती तूप व्हायचं. तेलात हायड्रोजन सोडायचा आणि निकेलची भुकटी घालायची, की तेल घट्ट होतं. निकेल स्वतः काही करत नाही. ते मधे नुसतं उभं राहतं, आणि त्याच्या उभं राहण्याने बाकीचे कामाला लागतात. अशाला शास्त्रात उत्प्रेरक म्हणतात आणि कचेरीत साहेब. फरक इतकाच, की निकेल काही काळाने खरोखर दमतं.

कारखाना बंद पडला तेव्हा आधी मालक गेले, मग यंत्रं गेली, मग पत्रे गेले, शेवटी फाटकावरची पाटीसुद्धा कुणीतरी नेली. दमलेल्या निकेलचा ड्रम तेवढा कुणी नेला नाही. आत काळा, तुपकट, मातीत कालवलेला लगदा. नोंदवहीत त्याच्यापुढे ‘ताबा : रसायनज्ञ’ असं लिहिलेलं होतं आणि कारखान्यात रसायनज्ञ एकच होता. पत्की साहेबांनी सही केली. ते वाचून सही करणाऱ्या माणसांपैकी होते. ड्रम उघड्यावर राहिला तर पाऊस त्याला नाल्यात नेईल म्हणून त्यांनी तो बॉयलरवरच्या देवसिंगच्या बैलगाडीतून घरी आणला. दोन-चार दिवसांचा प्रश्न होता.

“मी काय म्हनतो साहेब,” नोटिशीचा वास लागून शेजारचे किराणावाले वामनराव ओट्यावर येऊन टेकले, “फेकून द्या न नाल्यात. कोन पाह्यते?”

हा सल्लाही अकरा वर्षं जुना होता. फक्त त्याची कार्बन कॉपी नव्हती.

“वामनराव, नाल्याचं पाणी खालच्या विहिरींत उतरतं. तुमचीही विहीर आहे तिथे.”

“आमी आता जारचं पानी पेतो ना जी.”

पत्की साहेब रागावले की कार्यालयीन भाषेत बोलायचे. एकशे बत्तीस अर्ज लिहिल्यावर माणसाच्या जिभेचं काही खरं राहत नाही. “सबब,” ते म्हणाले, “आपण माझ्या ओट्यावरून तात्काळ खाली उतरावे आणि केलेल्या कार्यवाहीची प्रत मला द्यावी.”

वामनराव उतरले. प्रत दिली नाही.

शास्त्रशुद्ध विल्हेवाट कशी लावायची हे तालुक्यात बहुधा एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि नोटीस त्यालाच आली होती. पत्की साहेबांनी पाठकोऱ्या कागदावर बेत मांडला. आधी लगदा सोड्यात उकळून तूप काढायचं. मग आम्लात निकेल विरघळवायचं, माती खाली बसते. मग त्या पाण्यात दोन पत्रे टांगायचे आणि वीज सोडायची. निकेल पाण्यातून निघून बरोबर एका पत्र्यावर जाऊन बसतं. धातूला आपण कुठे जायचं ते कळतं. या एका गोष्टीसाठी पत्की साहेबांना आयुष्यभर धातूंविषयी आदर वाटत आला होता.

विजेसाठी ते वीजवाल्यांकडे रीतसर विचारायला गेले. ही चूक होती, पण ती त्यांच्या स्वभावातली होती.

“धंदा कोनता?” खिडकीतल्या माणसाने विचारलं.

“धंदा नाही. निकेल वेगळं करायचंय.”

“कोनापासून?”

“मातीपासून!”

त्या माणसाने संगणकावरची यादी वर केली, खाली केली. “पिठाची गिरनी हाय, रसवंती हाय, झेरॉक्स हाय. मातीपासून वेगळं नाई. गिरनी टाकू का?”

पत्की साहेबांनी त्या खिडकीला उद्देशून तीन मिनिटं ‘उपरोक्त’ने सुरू होणारी वाक्यं टाकली आणि चालत घरी आले. ढाणकीच्या उन्हाला अर्ज लागत नाही, हे त्यांना वाटेतच कळलं. डोक्यावरच होतं ते. तांड्यावर निरोप गेला आणि संध्याकाळी देवसिंग राठोड स्वतःच्या घरावरच्या दोन सोलर प्लेटा उतरवून हजर झाला. कारखाना बंद झाल्यापासून तो तांड्यावर शेती करायचा, पण पत्की साहेबांना पाहिलं की अजून विडी विझवायचा.

“घरचा पंखा कसा चालेल रे तुझा?”

“पंधरा दिस पंखा नाई फिरला तं काई बिघडत नाई साहेब. याडीले सांगतलं, कारखाना सुरू होऊन राह्यला. खुश हाय थे.” याडी म्हणजे त्याची आई, हंसाबाई. वय ऐंशीच्या आसपास, आवाज पंचविशीचा.

पहिल्या दिवशी अंगणात सोड्याचं आधण ठेवलं आणि अकरा वर्षांचं कोंडलेलं डालडा मोकळं झालं. तो वास मारुतीच्या देवळापर्यंत गेला. ज्या गल्लीने ड्रमकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं ती गल्ली तळणीच्या वासाने दारात आली. सोयरिक जमली का, कुणाकडचे लोक, पंगत कधी? दुपारी एक बाई पाच किलो शंकरपाळ्यांची ऑर्डर घेऊन आली आणि मंजुषाबाईंनी नाही म्हटल्यावर, “आमचीच ऑर्डर जड झाली का?” असं म्हणून कायमची रुसली. मंजुषाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “अहो, घर सील होणारच असेल तर आधीच होऊ द्या. या बायका तरी आत येणार नाहीत.”

चौथ्या दिवशी गच्चीवर बारा बादल्या ओळीने मांडल्या गेल्या. बॅटरीवाल्याकडून आणलेल्या तेजाबात निकेल विरघळलं आणि पाणी असं पोपटी झालं की वामनरावांनी गच्चीवरून गच्चीवर विचारलं, “सरबताचा धंदा काय?” पत्की साहेबांनी एक बादली दुसरीला, दुसरी तिसरीला तारेने जोडली, दोन्ही टोकं सोलर प्लेटांना दिली आणि घड्याळ पाहिलं. दुपारपर्यंत प्रत्येक बादलीतल्या एका पत्र्यावर राखाडी-पांढरी साय धरली. शिवाय पाण्यातलं निकेल गेलं की आम्ल परत तयार होत होतं. तेच पुन्हा पुढच्या लगद्याला. काही वाया जात नव्हतं. पत्की साहेब बराच वेळ बादल्यांकडे पाहत राहिले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच ‘सबब’ म्हटलं नाही.

सातव्या दिवशी टांगायचे पत्रे संपले. तेव्हा देवसिंगने जिन्याच्या दाराचा गंजलेला कोयंडा काढला, वाळूने घासला आणि तारेला लटकवला. दोन तासांनी तो बाहेर निघाला तो नव्या नवरीच्या ताटासारखा लखलखीत. वामनरावांची सून राखी वाळवण घालायला गच्चीवर आली होती. तिने कोयंडा पाहिला.

“काकू! कल्हईवाला आला का हो तुमच्या इथं?”

गल्लीत शेवटचा कल्हईवाला येऊन गेल्याला पंधरा वर्षं झाली होती. तेव्हापासून घराघरांतल्या माळ्यांवर पितळेची भांडी काळी पडून बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पत्कींच्या जिन्यापासून देवळापर्यंत पातेल्यांची रांग लागली.

“ही कल्हई नाही!” पत्की साहेब तिसऱ्या पायरीवरून ओरडत होते. “कल्हई कथलाची असते! हे निकेल आहे! यात आंबट वरण शिजवलं तर अंगाला खाज सुटेल!”

“थोडीशीच सुटन ना?” राखीने विचारलं.

“उपरोक्त भांडी घेऊन सर्व संबंधितांनी आपापल्या घरी जावे!”

कुणी गेलं नाही. पत्रे संपले होते, आठ दिवस उरले होते, आणि जे काही बादलीत लटकेल ते तेवढं निकेल ड्रममधून कमी करणार होतं. देवसिंग हळूच म्हणाला, “साहेब, टांगाले काई तं पाह्यजेच.” शेवटी पत्की साहेबांनी दारावर कागद लावला : ‘खाण्यापिण्याची भांडी स्वीकारली जाणार नाहीत.’ मग कड्या आल्या, कुलपं आली, शिवणयंत्राचं चाक आलं, पलंगाचे पाय आले, मारुतीच्या दाराची साखळी आली. एका गृहस्थांनी तोंडातून काढून कवळी दिली. ती कागदावर बोट ठेवून परत करण्यात आली. वामनरावांनी दुकानातली सगळी लोखंडी वजनं आणली, पन्नास ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत. वीज गेली की त्यांचा जुना तराजूच चालायचा. “दुकान चमकलं पाह्यजे साहेब,” ते म्हणाले. नाल्याचा विषय त्यांनी आठ दिवस काढला नव्हता.

हंसाबाई तांड्यावरून स्वतः चालत आल्या. ओढणीच्या गाठीतून त्यांनी एक घंटा काढली. त्यांच्या सासऱ्याच्या सासऱ्याने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांत नेलं, त्या लदेणीच्या म्होरक्या बैलाच्या गळ्यातली. “तीनशे बैल हिच्या मांगं चालत,” त्या म्हणाल्या. “हिले चमकव. पन आवाज नाई गेला पाह्यजे. आवाज गेला तं मी तुह्या घरीच ऱ्हायन.”

पत्की साहेबांनी त्या घंटेवर सगळ्यात पातळ थर दिला आणि ती तीनदा वाजवून पाहिली.

चौदाव्या दिवशी ड्रम रिकामा झाला. पोत्यात धुतलेली पांढरी माती होती. तूप धुऊन निघालं होतं. निकेल गल्लीभर ऊन परतवत बसलं होतं. पत्की साहेबांनी सहा पानांचा अहवाल लिहिला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोपले.

पंधराव्या दिवशी कार्यालयातून राजदीप साहेब आले. वय सत्तावीस, नुकतीच नेमणूक, बोलणं अतिशय गोड. अशा माणसावर रागावणं म्हणजे उशीवर ठोसे मारणं. त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. या कार्यालयातल्या माणसाला पत्कींनी प्रथमच वाचताना पाहिलं.

“फारच छान सर. माती म्हणजे माती झाली, ड्रम म्हणजे भंगार झालं. ही दोन्ही मी आजच घेऊन जातो. निकेल कुठे आहे?”

“गल्लीत.”

“गल्लीत म्हणजे?”

“कड्यांवर. कुलपांवर. पलंगांवर.”

राजदीप साहेबांनी मोबाइलवर नियम शोधला. “सर, टाकाऊ पदार्थातून निघालेला धातू नोंद होईपर्यंत टाकाऊच. तो कुणाच्या ताब्यात आहे ते यादीत यायला हवं. नाहीतर तो तुम्ही परस्पर फेकला असं धरावं लागतं.” आवाज आणखी गोड झाला. “मग सील लावावं लागेल.”

लाख आणि सुतळी त्यांनी पिशवीत सोबतच आणली होती.

ते दारोदार निघाले. मागे पत्की साहेब, त्यांच्या मागे देवसिंग. पहिल्या घरची लखलखीत कडी राजदीप साहेबांच्या डोळ्यांवर चमकली. घरमालक म्हणाले, “हे? हे पहिल्यापासूनच असं चमकते जी.” दुसऱ्या घरचं कुलूप सासरकडून आलेलं निघालं. तिसऱ्या घरी शिवणयंत्राच्या चाकावर चादर पडली आणि चादरीवर एक आजोबा बसले. पुजारी म्हणाले, साखळी मारुतीच्या कृपेने उजळली. वामनरावांनी तर छातीला हात लावला. “निकेल? मी तं नावच पहिल्यांदा आयकून राह्यलो.”

पत्की साहेबांच्या कानशिलावरची शीर आता लांबून दिसत होती. याच माणसांच्या विहिरी वाचाव्यात म्हणून त्यांनी अकरा वर्षं जिन्याखाली तो वास सांभाळला होता. त्यांनी तोंड उघडलं. ‘उपरोक्त’सुद्धा आलं नाही. राग इतका होता की तो साध्या मराठीतही बसेना.

राजदीप साहेब पत्कींच्या दारापाशी परतले. मंजुषाबाई हातात पैठणीची ट्रंक घेऊन पायरीवर उभ्या होत्या. साहेबांनी नम्रपणे काडी पेटवून लाख धरली.

तेवढ्यात घंटा वाजली.

हंसाबाई गल्लीच्या तोंडातून येत होत्या आणि घंटा डोक्याच्या वर धरून वाजवत होत्या. आवाज गेलेला नव्हता. मागे तीनशे बैल नव्हते, पण गल्ली भिंतीला लागून उभी राहिली.

“कांयी वेगो रे?” काय झालं, असं त्यांनी देवसिंगला विचारलं. त्याने सांगितलं. हंसाबाई राजदीप साहेबांपुढे आल्या. “हे माह्यी घंटा. हिच्यावरचं चमकनं या मानसानं देल्लं. लिही.” मग गल्लीकडे वळल्या. “कुलपं चमकवून घेतले, आन् तोंड काहून काळे करून राह्यले बे?”

राजदीप साहेबांनी लाख विझवली आणि लिहिलं, क्रमांक एक. “वजनही लागेल. आमचा काटा दुरुस्तीला आहे. इथे तराजू आहे का कुणाकडे?”

वामनरावांना तराजू आणावा लागला. राजदीप साहेबांनी घंटा एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्यात टाकायला एक किलोचं वजन उचललं. ते वजन उन्हात असं चमकलं की पत्की साहेबांची शीर जागच्या जागी थांबली.

“एक मिनिट,” ते म्हणाले. “वामनराव, ही वजनं पहिल्यापासून अशीच?”

“पहिल्यापासून. आईची शप्पथ.”

“मग कारखान्यातून सीलबंद आलेलं एक किलो साखरेचं पाकीट आणा.”

पाकीट आलं. एका पारड्यात साखर, दुसऱ्यात वजन. पारडं वजनाच्या बाजूला झुकलं, आणि झुकलेलंच राहिलं. राजदीप साहेबांनी दुसरं पाकीट मागवलं. तेही हलकं भरलं.

“म्हणजे,” राजदीप साहेब अत्यंत गोड आवाजात म्हणाले, “एक तर या वजनावर निकेल चढलंय, नाहीतर काका, तुमची वजनं पहिल्यापासूनच खोटी आहेत. त्याचं खातं वेगळं आहे. मी फोन लावतो.”

वामनराव वजनाकडे पाहत होते. भीती नंतर आली. आधी हिशेब आला. वीज गेली होती त्या प्रत्येक संध्याकाळी, आठवडाभर, ते दर किलोमागे चिमूटभर तूरडाळ गल्लीला फुकट देत होते.

“निकेल हाय!” ते किंचाळले. “निकेलच हाय! आन् याच्या कडीवर हाय, त्याच्या कुलपावर हाय, आजोबाले उठवा, चादरीखाली चाक हाय! समद्यायचं लिहा!”

मग यादी झाली. एकशे सतरा वस्तू, त्रेसष्ट घरं. वजनंही टाकाऊ धातूत मोडत असल्यामुळे ती कशाने मोजायची यावर अर्धा तास गेला. शेवटी साखरेच्या पाकिटांनी मोजली. संध्याकाळी राजदीप साहेबांनी कार्यालयात जमा झालेली कारखान्याची नोंदवही उघडली, ‘ताबा : रसायनज्ञ’वर लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘ताबा : यादीप्रमाणे’. माती आणि ड्रम जीपमध्ये चढले. जिन्याखाली एक गोल डाग उरला. मंजुषाबाईंनी तिथे केरसुणी ठेवली.

घंटा तेवढी यादीतून सुटली; क्रमांक एक खोडावा लागला. तिच्यावरचा थर इतका पातळ होता की साखरेच्या पाकिटाला तो कळला नाही.

आठवड्याने गल्लीत त्रेसष्ट नोटिसा आल्या. पंधरा दिवसांत शास्त्रशुद्ध विल्हेवाट, नाहीतर सील. गल्ली पेटली. लोक रस्त्यात उभे राहून कार्यालयाच्या सात पिढ्या काढत होते, पुजारी मारुतीसमोर नोटीस मोठ्याने वाचत होते. पत्की साहेब ओट्यावर चहा पीत होते. त्यांच्या कानशिलावर काहीही हलत नव्हतं.

वामनराव आले आणि न विचारता ओट्यावर टेकले. हातात नोटीस होती. “साहेब, हे का मानसं हायेत का? माह्ये वजनं म्हने धोकादायक! आता काय करावं जी यायचं?”

पत्की साहेबांच्या जिभेवर एक उत्तर अकरा वर्षं तयार होतं. चार शब्दांचं. त्यात नाल्याचा उल्लेख होता. ते ओठांपर्यंत आलं. मग त्यांना खालच्या विहिरी आठवल्या, आणि त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

ते आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. बाहेर येऊन त्यांनी एकशे बत्तीस कार्बन कॉप्यांचा गठ्ठा वामनरावांच्या मांडीवर ठेवला.

“मजकूर तयार आहे,” ते म्हणाले. “दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी द्यायचा. फक्त खालचं नाव बदला.”